कोचीला पहिल्यांदाच निघालात ना?

नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात जाते, मुंबईत गाडी बदलायची कटकट नको. मुक्काम मात्र फोर्ट कोचीतच करा. एर्नाकुलम म्हणजे आपला नाशिकचा कॉलेज रोड, दुकानं नि ट्रॅफिक! तिथून पलीकडे फोर्ट कोचीला बोटीनेच जा, स्वस्तही पडतं. मासे पकडायची चिनी जाळी सकाळी लवकर बघा. लांब वाशांना जाळं, मागच्या दोरांना टांगलेले दगड. माणसं दोर ओढतात तेव्हा जाळं पाण्याबाहेर येतं. तुम्हालाही ओढू देतील, पण पैसे आधीच ठरवा. शेजारच्या मट्टनचेरीचं १५६८चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, तो वार टाळा. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला आधी पुरलं होतं. तिथे दहा मिनिटं पुरे. आणि जून-जुलैत नकोच, त्यापेक्षा आपला त्र्यंबकचा पाऊस परवडला.