कोडिंग जमत नाही, तर गेम टेस्टिंगमधून इंडस्ट्रीत शिरता येईल का? लोक म्हणतात ते करिअरच नाही

येतं शिरता, आणि ते करिअरच आहे. टेस्टिंग म्हणजे दिवसभर फुकट गेम खेळणं असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी आयुष्यात एक धड बग रिपोर्ट (गेममधल्या चुकीची नोंद) लिहिलेला नसणार.

मी टेस्टरच आहे. एका प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायच्या) गेममध्ये एका ठिकाणी काही मशीनवर कॅरेक्टरची उडी जराशासाठी कमी पडायची. रिपोर्ट टाकला, तर लीड प्रोग्रामरने 'आमच्याकडे होत नाही' म्हणून बंद केला. परत उघडला तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, तुमचं टायमिंग चुकतंय, टेस्टरने बटणं दाबावीत, इंजिनमध्ये (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) डोकं घालू नये. मग मी इनपुट (बटणं कधी दाबली ते) रेकॉर्ड करून तेच प्लेबॅक केलं, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आधी 60 ला लॉक करून आणि मग 30 ला, आणि दोन्ही व्हिडिओ शेजारीशेजारी लावून दाखवले. 60 ला एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची, 30 ला 33.3 ची. उडीचं गणित दर फ्रेमला व्हायचं, आधी ग्रॅव्हिटीने वेग कमी करायचा आणि मग त्या कमी झालेल्या वेगाने कॅरेक्टर वर सरकवायचं, म्हणजे फ्रेम जितकी लांब तितकी उडी बुटकी! डेव्हलपरांच्या तगड्या मशीनवर फ्रेम रेट 60 च्या खाली जायचाच नाही, तिथे दिसणार कसं? शेवटी ते गणित फिक्स्ड टाइमस्टेपवर नेलं, म्हणजे फ्रेम रेट काहीही असो, गणित ठरलेल्या अंतरानेच (युनिटी इंजिनमध्ये याला फिक्स्डअपडेट म्हणतात, डिफॉल्ट 0.02 सेकंद), आणि बग गेला. आता सांगा, इंजिनमध्ये डोकं घातलं नसतं तर हे सापडलं असतं का?

तर स्किल हे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, बिल्ड नंबर (गेमची नेमकी कोणती आवृत्ती) आणि मशीनची माहिती न चुकता टाकायची, दुसऱ्या कुणालाही वाचून तोच बग काढता येईल अशा स्टेप्स लिहायच्या. कोड लिहिता नाही आला तरी वाचता यायला हवा, लॉग (गेम चालताना आपोआप होणाऱ्या नोंदी) वाचता यायला हवा. युनिटी, अनरियल की गोदो, कुठलं इंजिन शिकायचं यावर महिने घालवू नका, गोदो फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यात एक छोटा गेम पूर्ण करा आणि मुद्दाम मोडून बघा. सर्टिफिकेटपेक्षा इंटरव्ह्यूला चार नीट लिहिलेले बग रिपोर्ट घेऊन जा.

हां, पगार बऱ्याचदा प्रोग्रामरपेक्षा कमी असतो, कामं कॉन्ट्रॅक्टवर असतात, रिलीजच्या आधी रात्री जातात, आणि एकच दरवाजा दिवसभर उघडायचा कंटाळा येणार असेल तर खरंच येऊ नका.

आणि जॉइन होण्याआधी क्रेडिट्समध्ये नाव येणार का ते लेखी विचारून घ्या. त्या उडीवाल्या गेममध्ये आम्हा टेस्टरांपैकी एकाचंही नाव नाही.