बँक शिफ्ट सुरू करतेयस? आधी रेट नीट वाच
अगं मस्तच! एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) बँक शिफ्टना, म्हणजे गरजेप्रमाणे घ्यायच्या सुट्या शिफ्टना, घाबरू नकोस, सुरुवातीला एवढंच बघ.

- तासाचा रेट सुट्टीच्या पैशांसकट आहे का, हे लेखी विचार. नवीन मुली इथेच फसतात, मीपण फसले, रेट मोठा दिसला म्हणून खूश झाले आणि गणपतीला गावी गेले तर त्या आठवड्यांचा पगार शून्य, कारण सुट्टीचे पैसे दर महिन्याला येऊन खर्चही झालेले.
- अनियमित तासांवाल्यांची सुट्टी केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के जमते. पैसे पगारातच देत असतील तर पेस्लिपवर वेगळी ओळ हवीच, आणि ते बाजूला ठेव.
- बँकेऐवजी एजन्सीतून (कामगार पुरवणाऱ्या कंपनीतून) एकाच ठिकाणी तेच काम १२ आठवडे केलंस की मूळ पगार, सुट्टी कायम स्टाफसारखी मागता येते. तारखा लिहून ठेव.

पेन्शनचं नंतर बघू.