सुटका झाल्यावरही बेल्सनमध्ये माणसे का मरत राहिली?

प्रश्न : ब्रिटिश सैन्याने जर्मनीतली बर्गन-बेल्सन ही नाझी छळछावणी सोडवल्यावर कैद्यांना अन्न मिळाले, तरी पुढे हजारो जण दगावले असे वाचले. अन्न मिळूनही माणूस मरतो कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : १५ एप्रिल १९४५ ला सैन्य पोहोचले तेव्हा तिथे सुमारे ६० हजार कैदी जिवंत होते आणि सुमारे १३ हजार प्रेते उघड्यावर पडली होती. दोस्त फौजा जवळ येऊ लागल्यावर नाझींनी इतर छावण्यांमधले कैदी बेल्सनमध्ये आणून कोंबले होते. डोंगराच्या पोटात व्ही-२ रॉकेटे बनवण्यासाठी राबवलेले मिटेलबाऊ-डोरा छावणीतले वेठबिगारही त्यांत होते. सुटकेनंतर १३ हजारांहून अधिक जण दगावले.

सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले डबाबंद मांस आणि रस्सा वाटला. उपासमारीने आतड्याचे अस्तर झिजलेले असते, एवढे तेल-चरबी त्याला पचत नाही. जुलाब लागतात आणि अंगात उरलेले पाणीही जाते. दुसरा धोका बाहेरून दिसत नाही. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा संपत आलेला असतो. अचानक पीठ-साखर पोटात गेली की इन्शुलिन वाढते, साखर पेशींत शिरते आणि रक्तात उरलेसुरले फॉस्फेटही सोबत ओढले जाते. मग हृदयाच्या आणि श्वासाच्या स्नायूंना बळ पुरत नाही. ब-१ जीवनसत्त्व नसेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून आज अतिकुपोषित रुग्णाला आधी ब-१ देतात आणि आहार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ ते १० कॅलरींपासून सुरू करतात. ३५ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी फार तर ३५० कॅलरी, त्याही विभागून. पुढे रक्ततपासणी करत हळूहळू वाढवतात.

बेल्सनमध्ये मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले मिश्रण आणले गेले : दूध पावडर, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. पण ते फार गोड होते. पूर्व युरोपातल्या अनेक कैद्यांच्या घशाखाली ते उतरेना. शिरेतून प्रथिने द्यायला गेले तर रुग्ण सुई पाहूनच किंचाळत, कारण नाझी छावण्यांमध्ये इंजेक्शन देऊन माणसे मारली जात होती. ही भीती त्या डॉक्टरांच्या हिशेबात आधी नव्हती, आणि मला ही त्या मदतकार्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. शेवटी उपयोगी पडले ते थोडे-थोडे, वरचेवर पाजलेले साय काढलेले दूध आणि उशाशी बसून केलेली शुश्रूषा.

प्रश्न : तिथला टायफस म्हणजे आपला विषमज्वर का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. तो दूषित पाण्या-अन्नातून होतो. टायफस पसरवते ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ. ती चावली की माणूस खाजवतो आणि तिच्या विष्ठेतले जंतू त्वचेत शिरतात. मेलेल्याचे अंग गार पडले की ऊ शेजारच्या जिवंत माणसावर जाते, त्यामुळे प्रेतांसोबत झोपणाऱ्यांत साथ आगीसारखी पसरली. उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी हातपंपाने बाह्यांतून, गळ्यातून आणि कमरेतून डीडीटी या कीटकनाशकाची पूड उडवली. त्यासाठी कपडे उतरवावे लागत नाहीत. मग रुग्णांना जवळच्या लष्करी बराकींच्या तबेल्यात नेऊन आंघोळ घातली, केस कापले, पुन्हा पूड लावली आणि स्वच्छ ब्लँकेटात गुंडाळून दवाखान्यात हलवले. जुने कपडे-अंथरूण सोबत नेले असते तर उवाही गेल्या असत्या. रिकाम्या झालेल्या झोपड्या जाळल्या गेल्या. शेवटची २१ मे १९४५ ला.