वाचकांचे प्रश्न : आर्मिनियसचे स्मारक आणि खरी रणभूमी

प्रश्न : जर्मनीत डेटमोल्डजवळच्या टेकडीवर तलवार उंचावलेल्या योद्ध्याचा भव्य पुतळा आहे. तो कोणाचा? रोमनांशी लढाई तिथेच झाली का, आणि इतक्या जुन्या टोळीप्रमुखाचे स्मरण आज कशासाठी करायचे?

उत्तर : हा पुतळा चेरुस्की या जर्मानिक टोळीचा नायक आर्मिनियस, म्हणजेच जर्मन लोकांचा हेर्मान, याचा आहे. तो रोमन सैन्यात अधिकारी होता, रोमचे नागरिकत्व त्याला मिळाले होते आणि रोमन सेनापती वारुसचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. इ. स. ९ मध्ये त्याने अनेक टोळ्या एकत्र करून ट्युटोबुर्गच्या अरण्यात वारुसची तीन सैन्यदले कापून काढली. १७, १८ आणि १९ हे त्या दलांचे क्रमांक रोमने पुन्हा कधीही वापरले नाहीत.

लढाईची जागा मात्र वेगळी. बहुतेक अभ्यासक ती डेटमोल्डच्या वायव्येला, कालक्रीझे येथे मानतात. तिथे १९८७ पासून नाणी, गोफणीचे शिशाचे गोळे, खड्ड्यांत एकत्र पुरलेली माणसांची आणि खेचरांची हाडे सापडत गेली. रोमन घोडेस्वाराचा एक लोखंडी मुखवटाही मिळाला, ज्यावरचा चांदीचा पत्रा लुटारूंनी ओरबाडून नेलेला आहे.

शिल्पकार एर्न्स्ट फॉन बांडेल यांनी १८३८ मध्ये सुरू केलेले स्मारक निधीअभावी रखडत १८७५ मध्ये पूर्ण झाले. फ्रान्सवरच्या विजयाला तेव्हा चारच वर्षे झाली होती आणि उद्घाटनाला सम्राट पहिला विल्हेल्म उपस्थित होता. पुतळ्याच्या तलवारीवर जर्मन एकीचा गौरव कोरलेला आहे, पण आर्मिनियसच्या काळात तशी एकी नव्हतीच. त्याचा सख्खा भाऊ फ्लावुस रोमच्याच चाकरीत राहिला, सासरा सेगेस्टेस याने आपली गरोदर मुलगी, म्हणजे आर्मिनियसची पत्नी थुस्नेल्डा, रोमनांच्या हवाली केली, आणि आर्मिनियस स्वतःही अखेर आप्तांच्याच हातून मारला गेला. त्यामुळे हे स्मारक एकोणिसाव्या शतकातील जर्मनीचा वारसा म्हणून जपावे आणि पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते. आर्मिनियसचे स्मरण करताना थुस्नेल्डा आणि फ्लावुस यांना वगळू नये, कारण पुढे राष्ट्रवाद्यांनी, विशेषतः नाझींनी, त्याचे नाव वापरले ते नेमके अशीच माणसे कथेतून गाळून. तिथे जाणे शक्य झाल्यास आधी कालक्रीझेचे संग्रहालय पाहा, मग पुतळा.