जहाजावरच्या तोफेचा नेम

युद्धनौकांवरील तोफांविषयी वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. तोफ किती मोठी होती आणि तिचा गोळा किती वजनाचा होता, ही उत्सुकता जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. आम्हाला मात्र डोलत्या जहाजावरून नेम कसा धरावा, हाच या विषयाचा खरा गाभा वाटतो. त्यामुळे उत्तरांचा भर तिकडे राहिला आहे.

प्रश्न : शिडांच्या काळातील मोठ्या युद्धनौकांवर शंभर-शंभर तोफा असत. तरीही त्या एकमेकींच्या अगदी जवळ जाऊन का लढत? आणि आंग्र्यांच्या गुराबांवर (शिडांच्या लढाऊ जहाजांवर) तोफा नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पुढे रोखलेल्या असत, त्याचे कारण काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर १०४ तोफा होत्या आणि त्यांतील सर्वांत जड तोफा सुमारे साडेचौदा किलोचा, म्हणजे ३२ पौंडांचा, भरीव लोखंडी गोळा फेकीत. गोळा मैलभर सहज जात असे, पण तो लागत नसे. तोफा जहाजाच्या कुशीत बसविलेल्या असल्यामुळे नेम धरायचा म्हणजे अख्खे जहाज वळवावे लागे, आणि ते जहाज लाटेवर सतत डावी-उजवीकडे कलत असे. हजार मीटरवरील लक्ष्यावर तोफ रोखली असताना नळी एका अंशाने जरी वरखाली झाली, तरी गोळा सुमारे सतरा मीटर उंचावरून जातो किंवा लक्ष्याच्या बराच आधी पाण्यात पडतो. त्यात बत्ती दिल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभराचा विलंब होई आणि तेवढ्यात जहाज आणखी कललेले असे. काही शे यार्डांच्या आत जाऊन एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागणे, हाच नेमाच्या अभावावरचा त्या काळचा उपाय होता.

आंग्र्यांच्या गुराबांची गोष्ट वेगळी होती. समकालीन इंग्रजी वर्णनांनुसार मोठ्या गुराबांच्या बाजूंना सहा ते नऊ पौंडी तोफा असतच. पण नाळेच्या आतील बाजूस नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. कंपनीच्या मोठ्या जहाजाच्या कुशीसमोर जाऊन उभे राहणे म्हणजे तिच्या सगळ्या तोफांचा मारा अंगावर घेणे. त्याऐवजी वारा पडला की वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबांना ओढत त्या जहाजाच्या पिछाडीला न्यायचे, जेथे शत्रूच्या तोफा थोड्या असत, आणि तेथून डोलकाठ्यांवर मारा करायचा, अशी ही पद्धत होती. कोकण किनाऱ्यावरील मंद वारे आणि उथळ पाणी यांना ती अचूक लागू पडत होती.

याच आरमाराचा शेवट फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत झाला. ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्याने फेकलेला एक स्फोटक गोळा ‘रेस्टोरेशन’ या, आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेल्या, जहाजावर पडला आणि त्या आगीत तुळाजी आंग्र्यांची एकमेकांना लागून उभी असलेली जहाजे जळाली. असे स्फोटक गोळे त्या काळी उखळी तोफांतून उंच उडवून टाकीत. तेच गोळे आडव्या रेषेत डागण्याची तोफ पेक्सान्स या फ्रेंच अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात तयार केली. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोपच्या बंदरात रशियन आरमाराने अशा तोफांनी तुर्की ताफ्याची धूळधाण केली, तेव्हा लाकडी युद्धनौकेचे दिवस भरल्याचे सगळ्यांच्या लक्षात आले. सहा वर्षांत फ्रान्सची ‘ग्लवार’ आणि त्यानंतर वर्षभराने ब्रिटनची ‘वॉरियर’ ही चिलखती जहाजे पाण्यात उतरली.

प्रश्न : तोफ तोंडाऐवजी मागून भरणे इतके सोयीचे असताना ब्रिटिश आरमाराने ती पद्धत एकदा स्वीकारून पुन्हा सोडून का दिली? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : कारण नळीचे मागचे तोंड घट्ट बंद करणे हे त्या काळच्या कारखानदारीला नीट साधत नव्हते. आर्मस्ट्राँग या ब्रिटिश अभियंत्याची आटे (नळीच्या आत पेचदार खाचा) पाडलेली, मागून भरण्याची तोफ ब्रिटिश आरमाराने उत्साहाने घेतली. तिच्या मागील भागात वरून एक लोखंडी ठोकळा बसवीत आणि तो पाठीमागून स्क्रूने आवळीत. ऑगस्ट १८६३ मध्ये जपानमधील कागोशिमावर मारा करताना अशा २१ तोफांनी ३६५ गोळे डागले आणि तेवढ्यात २८ वेळा अपघात झाले. स्वतःच्याच तोफेची धास्ती घेतलेला गोलंदाज लढणार कसा? आरमार मुकाट्याने तोंडाने भरण्याच्या तोफांकडे परतले.

पण तोफा वाढतच गेल्या. १८६२ मध्ये अमेरिकेतील हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत ‘मॉनिटर’ या बसक्या जहाजाने फिरत्या टरेटमधून, म्हणजे चिलखती बुरुजातून, दोन ११ इंची तोफा चालवून दाखविल्या होत्या. जहाज न वळविता तोफ वळविण्याची ही सोय आल्यावर थोड्या, पण प्रचंड तोफा ठेवण्याकडे सगळ्यांचा कल झाला. ब्रिटनच्या ‘थंडरर’ जहाजाच्या पुढच्या टरेटमध्ये ३८-३८ टनांच्या दोन तोफा होत्या. त्या भरण्यासाठी टरेट वळवून नळीचे तोंड खाली झुकवीत आणि डेकखालून पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने दारू व गोळा आत ढकलीत. २ जानेवारी १८७९ रोजी मार्माराच्या समुद्रात सराव सुरू असताना दोन्ही तोफा एकदम डागण्यात आल्या. त्यांतील एक उडालीच नाही. मात्र दुसरीच्या आवाजात आणि धुरात ते कोणाच्या ध्यानात आले नाही. तिच्यात दुसऱ्यांदा दारू-गोळा भरला गेला आणि पुढच्या बाराला ती फुटली. अकरा माणसे ठार झाली. चौकशीत हे निदान काहींना पटेना, म्हणून जोडीची दुसरी तोफ वुलिचला नेऊन तिच्यात मुद्दाम दुहेरी भरणा करण्यात आला. तीही तशीच फुटली.

मागून भरण्याच्या तोफेत उघडलेल्या नळीत आधीचा गोळा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे ही चूक तिथे घडूच शकत नाही. त्याच सुमारास संथ जळणाऱ्या दारूचा पूर्ण उपयोग होण्यासाठी नळ्या लांब कराव्या लागल्या आणि इतकी लांब नळी तोंडाने भरणे अशक्य झाले. दरम्यान फ्रेंचांनी खंडित आट्यांचा, थोड्याशा फिरवण्याने बंद होणारा दट्ट्या आणि वायू रोखणारी द बांज यांची दाबली जाणारी गादी वापरात आणली होती. १८८० च्या दशकात ब्रिटनही त्याच वाटेने गेले.

प्रश्न : पंधरा-वीस किलोमीटर अंतरावरचे, पळणारे जहाज, स्वतः हलणाऱ्या जहाजावरून टिपायचे कसे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : पाठविलेल्या प्रश्नांतील हा सर्वांत महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोफेचा पल्ला कित्येक पटींनी वाढला होता, परंतु गोलंदाज ट्राफल्गारच्याच पद्धतीने, म्हणजे जहाजाच्या डोलण्यात लक्ष्य समोर येण्याची वाट पाहून, बार काढीत होता. पर्सी स्कॉट या ब्रिटिश कप्तानाने ‘सिला’ या क्रूझरवर पाहिले, की एक गोलंदाज नळी वरखाली करणारे चाक जहाजाच्या डोलण्याबरोबर सतत फिरवीत नेम टिकवून धरतो. स्कॉटने चाकाचे दाते बदलून ते हलके केले, तोफेच्या धक्क्याने मागे न जाणारी दुर्बीण बसविली आणि सगळ्यांना हाच सराव दिला. १८९९ च्या नेमबाजीच्या स्पर्धेत त्याच्या जहाजाचे सुमारे ८० टक्के गोळे लक्ष्यावर बसले. काहींनी हा आकडा खरा मानायलाच नकार दिला.

पुढचा अडसर अंतराचा होता. वीस किलोमीटरवर जाणारा जड गोळा अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ हवेत असतो. ताशी वीस सागरी मैलांनी धावणारे जहाज तेवढ्यात तीनशे मीटर पुढे सरकते. म्हणजे नेम जहाजावर धरायचाच नाही, ते जेथे असेल तेथे धरायचा. त्यासाठी शत्रूचा वेग, दिशा, अंतर आणि हे अंतर बदलण्याचा वेग ठाऊक हवा. अंतरमापक दुर्बिणी आणि दांतेरी चाकांची गणकयंत्रे जहाजांवर आली ती याच गरजेतून, संगणकांच्या कितीतरी आधी. उंचावर ‘डायरेक्टर’ नावाच्या नेमाच्या चौकीत बसलेला एकच अधिकारी सर्व तोफांचा नेम ठरवील आणि त्या एकदम डागील, ही स्कॉटचीच सूचना होती. १९१२ मध्ये ‘थंडरर’ (हे त्याच नावाचे नवे जहाज) या पद्धतीने आणि ‘ओरायन’ जुन्या पद्धतीने नेमबाजीला उतरले, तेव्हा पहिल्याने सुमारे सहापट गोळे लक्ष्यावर बसविले. एवढे करूनही १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिश व जर्मन या दोन्ही बाजूंच्या शंभर जड गोळ्यांपैकी जेमतेम तीन लागले. गोळे कोठे पडले हे पाण्याचे फवारे पाहून ठरवायचे, पुढे की मागे याप्रमाणे दुरुस्ती करायची आणि पुन्हा डागायचे, असा तो क्रम होता. धुके किंवा धूर असला की तोही कोलमडे.

या साखळीतील एक कडी तुटली की काय होते, याचे उदाहरण आपल्या नौदलाशी जोडलेले आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत न्यूझीलंडकडचे ‘अकिलिस’ हे सहा इंची तोफांचे क्रूझर जर्मन ‘ग्राफ स्पे’शी लढत होते. जवळच पडलेल्या गोळ्याच्या तुकड्यांनी त्याच्या डायरेक्टरमधील चौघे ठार झाले आणि बिनतारी यंत्रणाही बंद पडली. त्यानंतर टेहळणी विमानाने ‘अकिलिस’चे गोळे कमी पडताहेत असे कळविले, ते शेजारच्या ‘एजॅक्स’ने स्वतःविषयी समजून आपला बरोबर असलेला नेम बिघडवून घेतला. हेच ‘अकिलिस’ १९४८ मध्ये भारताकडे येऊन ‘दिल्ली’ झाले. १९६१ च्या डिसेंबरात त्याने दीववर तोफा डागल्या आणि १९७८ मध्ये ते मुंबईत मोडीत निघाले. त्याचे एक टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिले असून ते ऑकलंडजवळच्या नौदल तळावर उभे आहे.

रडार आल्यावर फवारे पाहण्याची गरज कमी झाली. २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटे सुरिगाव सामुद्रधुनीत, गडद अंधारात, अमेरिकेच्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने सुमारे २१ किलोमीटरवरून पहिल्याच फैरीत जपानी युद्धनौकेला गाठले. बॅटलशिप विरुद्ध बॅटलशिप अशी लढाई त्यानंतर पुन्हा झाली नाही. नेम साधला, तोवर मोठ्या तोफेचे काम विमानांनी काढून घेतले होते.

प्रश्न : क्षेपणास्त्रांच्या युगात नौदले जहाजांवर तोफ ठेवतातच कशाला? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपल्या गावच्या समुद्रातच याची पूर्वपीठिका आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदराबाहेर ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटांनी साडेचार इंची तोफांनी पोर्तुगीज ‘अफोन्सो द आल्बुकर्क’चा सामना केला, तिचा कप्तान जबर जखमी झाला आणि जहाज बांबोळीजवळ किनाऱ्याला लावावे लागले. तोफेविरुद्ध तोफ असा हा सामना भारतीय नौदलाने लढला, त्यानंतर दहा वर्षांतच चित्र पालटले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. तिच्यावरही साडेचार इंची तोफा होत्या. पण मारा त्यांच्या पल्ल्याबाहेरून आला आणि आपल्यावर विमाने हल्ला करीत आहेत, असाच संदेश जहाजाने पाठविला.

असे असूनही तोफ गेली नाही. ब्रिटनने ‘ब्रॉडस्वर्ड’ वर्गातील पहिली फ्रिगेटे मुख्य तोफेविना बांधली. १९८२ मध्ये फॉकलंडच्या किनाऱ्यावरील सैन्याला तोफांच्या माऱ्याची गरज पडली आणि ब्रिटिश जहाजांनी सुमारे आठ हजार गोळे डागले. त्यानंतर त्याच वर्गाच्या शेवटच्या जहाजांवर साडेचार इंची तोफ परत आली. इशारा देण्यासाठी पुढे गोळा टाकणे, चाच्यांची होडी थांबविणे, किनाऱ्यावर मारा करणे, यांसाठी क्षेपणास्त्र महाग आणि बोजड ठरते. जहाजाच्या पोटात क्षेपणास्त्रे मोजकी मावतात, गोळे शेकड्यांनी.

आज आपल्या माझगाव डॉकने बांधलेल्या ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ वर्गांच्या विनाशिकांवर मूळ इटालियन बनावटीची, भेलने हरिद्वारला तयार केलेली ७६ मिलिमीटर तोफ आहे. ती मिनिटाला १२० गोळे डागू शकते आणि तिचा गोळा जेमतेम सहा किलोचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानी युद्धनौका ‘यामातो’च्या दीड टनी गोळ्यापुढे हे खेळणे वाटेल, परंतु रडारने नेम धरणारी आणि लक्ष्याजवळ जाताच फुटणारे गोळे डागणारी ही तोफ विमाने व ड्रोन यांच्यासाठी आहे. मार्च २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात इटलीच्या ‘कायो द्युलिओ’ने याच घराण्यातील तोफेने एक ड्रोन पाडला. उलट अमेरिकेने ‘झमवॉल्ट’ विनाशिकांसाठी १५५ मिलिमीटरची, दूर पल्ल्याच्या दिग्दर्शित गोळ्यांची तोफ केली. जहाजांची संख्या बत्तीसवरून तीनवर आल्याने एकेका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरपर्यंत चढली, २०१६ मध्ये गोळ्यांची खरेदी थांबली आणि आता त्या तोफा काढून त्यांच्या जागी क्षेपणास्त्रांच्या नळ्या बसविल्या जात आहेत.