सोमवारपासून सूर्यनमस्कार? अजून नाही

*ताई, १९ दिवसांपूर्वी स्तनांत इम्प्लांट बसवून घेतले. दुखणं जवळजवळ थांबलंय. आठ वर्षं रोज २४ सूर्यनमस्कार घालतेय, आता अंग जड वाटतं. योगवर्गाच्या बाई म्हणतात, हळूहळू सुरू करा. त्यांना खरं कारण ठाऊक नाही आणि सांगायचंही नाही. सासूबाईंना ‘छोटं ऑपरेशन’ एवढंच माहीत आहे. सोमवारपासून येऊ का म्हणून सांगू? – एक वाचक, नाशिक*

सोमवारपासून चालायला जा. सूर्यनमस्कार नकोत, दोनसुद्धा नकोत.

दुखणं थांबलं म्हणजे आतलं भरून आलं, असं नसतं. इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली आहे की वर, हे डिस्चार्जच्या कागदावर बघा किंवा सर्जनना विचारा. सगळा हिशोब त्यावर आहे. स्नायूखाली बसवताना त्याचा खालचा भाग सोडवून जागा केलेली असते. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं पातळ आवरण विणतं, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर स्नायू जोरात आवळला गेला तर इम्प्लांट वर किंवा काखेकडे सरकू शकतं. सरकलेलं आपोआप जागेवर येईलच असं नाही. कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. इम्प्लांट स्नायूवर असेल तर थोडं लवकर मोकळं होता येतं, पण तिसऱ्या आठवड्यात तेही नाही.

आता तुमचा सूर्यनमस्कार उघडून बघा. अष्टांगासनात खाली जाताना तुम्ही चक्क अर्धा जोर मारता. पर्वतासनात वजन हातांवर येतं, भुजंगासनात आणि हात वर-मागे नेताना छाती ताणली जाते. निर्धोक उरतो तो हात जोडून उभं राहण्याचा भाग!

साधारण क्रम असा असतो, पण तुमच्या सर्जननी वेगळा सांगितला असेल तर तोच पाळा. आत्ता रोज २०-३० मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. टाके नीट भरले असतील तर चौथ्या आठवड्यात जिममधली सायकल चालेल. हँडलवर भार न टाकता ताठ बसायचं. मग हातात वजन न घेता उठाबशा. धावणं, उड्या सहा आठवड्यांनंतर, तेही घट्ट आणि पुढून उघडणारी स्पोर्ट्स ब्रा घालून; तारेची ब्रा तोवर नको. पोहायचं ते जखमेवर खपली अजिबात उरली नसेल आणि सर्जननी हो म्हटलं असेल तेव्हाच. सहा ते आठ आठवड्यांनी सर्जननी हिरवा कंदील दिला की आधी भिंतीला हात टेकवून जोर, मग टेबलाला, शेवटी जमिनीवर. पूर्ण सूर्यनमस्कार साधारण तिसऱ्या महिन्यात, दोनापासून. त्या वेळी हात दाबताना स्तन क्षणभर चपटे किंवा बाजूला गेलेले दिसले तर घाबरू नका. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर स्नायू आवळला की असं होतं, सैल सोडला की जागेवर येतं. सैल सोडूनही तसंच राहिलं तर दाखवा.

व्यायामापेक्षा मला तुमच्या स्वयंपाकघराची जास्त काळजी वाटते. कणीक मळताना हाच स्नायू राबतो. पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, आणि तुमची मर्यादा सध्या दोनेक किलोची. वरच्या फळीवरचा डबा, ओली चादर पिळणं, लहान मूल उचलणं, सगळं याच यादीत. आणि त्वचा बधिर असेल तर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका; चटका बसलेला कळतही नाही.

एकच बाजू अचानक फुगून टणटणीत झाली, लाली वाढली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप १०० च्या वर गेला तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. एका पायाची पोटरी सुजून दुखली तरी तसंच. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयात.

राहिला प्रश्न सांगण्याचा. योगवर्गाच्या बाईंना कारण नको, हालचाली हव्यात. म्हणा, ‘छातीच्या स्नायूची शस्त्रक्रिया झालीय, तीन महिने हातांवर वजन घ्यायचं नाही, डोक्यावर हात कधी न्यायचे ते डॉक्टर सांगतील.’ यात एक शब्दही खोटा नाही. इम्प्लांट स्नायूच्या वर असेल, तर नुसतं ‘छातीची शस्त्रक्रिया’ म्हणा. सासूबाईंना एवढंच सांगा, की डॉक्टरांनी सहा आठवडे कणीक आणि बादली बंद ठेवलीय. पुढे विचारलंच तर उत्तर द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. कणीक मात्र तोवर दुसऱ्या कुणीतरी मळायची.