वाण वेगळा, गुण वेगळा

लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलंय: आम्ही मित्र मिळून एका जुन्या रोल-प्लेइंग गेमचं मराठीकरण करतोय. वस्तूवर लिहिलेला मजकूर आणि ती वस्तू खेळात प्रत्यक्ष जे करते ते, दोन्हींना 'गुणवर्णन' म्हटलं तर चालेल का? आणि चिलखतावर 'आगीपासून रक्षण' लिहिलंय, तरी आग लागतेच. मग चुकलं काय, वर्णन की गुणधर्म?

चालणार नाही. गुणवर्णन म्हणजे स्तुती. ती देवाची होते, नाहीतर बैठकीत नवऱ्या मुलाची. 'या तलवारीचं वर्णन अधिक दोन आहे' असंही हल्ली सारखं कानावर येतं. अधिक दोन, म्हणजे वारात दोनची भर, हा गुण आहे. औषधाचा गुण आला म्हणतो ना, तोच.

वर्णन निघालं वर्णातून, म्हणजे रंगातून. यास्क हा प्राचीन व्युत्पत्तिकार निरुक्त या वैदिक शब्दांवरच्या ग्रंथात 'वर्णो वृणोतेः' म्हणतो: वरून झाकतो तो वर्ण. काही पंडित इथं 'निवडणे' असा अर्थ लावतात, कारण चातुर्वर्ण्याच्या वादात तो सोयीचा पडतो. मला तो साफ नामंजूर आहे. वेदात निवडण्याचं क्रियापद सहसा 'वृणीते' असं येतं आणि झाकण्याचं 'वृणोति'. यास्काने कुठलं घेतलंय ते उघड दिसतं. शिवाय गायीने आपला तांबडा रंग कधी निवडला?

कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान झालं, तसा वर्णाचा वान. आमच्या मराठवाड्यात बोलताना अजून 'वान'च म्हणतात, लिहिताना त्याचा वाण होतो. (संक्रांतीला लुटतात ते वाण निराळं, ते 'वायन'पासून आलं.) आता म्हण आठवा: 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.' ढवळा पांढरा, पवळा पोवळ्यासारखा तांबूस. एका दावणीला बांधले म्हणून पवळ्याचा रंग काही पालटला नाही, ढवळ्याची खोड मात्र त्याने उचलली. वर्णन आणि गुणधर्म यांतला फरक गोठ्यातल्या माणसाने एका ओळीत सांगून ठेवलाय, आणि आपण 'गुणवर्णन' शोधत बसलोय! गुण वाईटही असतो, हेही त्याच म्हणीत आलं. खेळात घालणाऱ्याचं नुकसान करणारी शापित अंगठी असते, तिला 'गुण' कसा म्हणायचा ही कटकट तिथंच मिटली.

गेमवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. 1980 च्या 'रोग'मध्ये आणि पुढं 'नेटहॅक'मध्ये ओळख न पटलेल्या, म्हणजे काय करतं ते खेळाडूला अजून न कळलेल्या पेयाचा बहुधा नुसता रंग सांगतात, आणि दर नव्या डावाला रंगांची फेरवाटणी होते. माणिकरंगी पेयाने आज जखम भरली, तर पुढच्या डावात त्यानेच झोप लागेल. 1998 च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये वस्तूला ओळख पटण्याआधीचं एक आणि नंतरचं एक, अशी दोन वर्णनं आहेत. मजकूर एका सामाईक फाइलीत राहतो, परिणाम वस्तूच्या स्वतःच्या फाइलीत. खेळ चालतो तो परिणामांवर. मजकूर फक्त माणूस वाचतो. एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं की तुमच्या चिलखतासारखं होतं.

सोयाबीनच्या पिशवीवर वाण छापलेला असतो. तरी पेरणीआधी वडील 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडत, गुंडाळी करून सावलीत ठेवत आणि आठवड्याने उलगडून मोड मोजत. 70 च्या वर निघाले तरच पाभर जुंपायची. एका वर्षी नावाजलेल्या वाणाचे 41 निघाले. त्यांनी पिशवी शिवून दुकानदाराकडं परत नेली. पिशवीवरची अक्षरं वाचून दाखवणाऱ्याला त्यांनी गोणपाटच उलगडून दाखवलं.

म्हणून तुमच्या मराठीकरणात ओळख पटण्याआधीच्या रकान्यावर सरळ 'वाण' लिहा आणि नंतरच्या आकड्यांवर 'गुण'. लातुरातल्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.